दावा कुठे लावायचा?

गेल्या आठवड्यात दिवेलागणीच्या वेळेला आमच्या वस्तीतल्या एक वहिनी घरी आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत दवाखान्याचे दोन कागद आणि धुऊन लख्ख केलेली एक बाटली. त्यांचे यजमान शेतमजूर. घोडेगावच्या शिवारात मुळेच्या पाटाचे पाणी आले तसा ऊस वाढला, कांदा वाढला, कपाशीही आहेच. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याने दुसऱ्याच्या रानात फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा, हे मात्र बदलले नाही. यजमानांनी दोन दिवस कपाशी फवारली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. खासगी दवाखान्यात चार दिवस सलाईन लावले. जीव वाचला, पण डोळ्यांना अजून धूसर दिसते आणि हात थरथरतो. शेतमालकाने दोन हजार रुपये दिले आणि वर चार शब्द सुनावले, की तोंडाला फडके बांधायला काय झाले होते?

वहिनी म्हणाल्या, "भाऊ, पोरं म्हणत्यात औषधाची कंपनी फॉरेनची हाये. मंग आपल्याला दावा लावायचा म्हनलं तर कुठं लावायचा? नेवाशाला का फॉरेनला?"

आम्ही हसणार होतो, पण हसलो नाही. कारण हाच प्रश्न एके काळी भारत सरकारने अमेरिकेतल्या कोर्टात विचारला होता, आणि यवतमाळच्या दोन विधवा भगिनींनी स्वित्झर्लंडमध्ये विचारला आहे. मोठमोठे वकील ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षे भांडले, तो वहिनींनी आमच्या ओट्यावर बसून एका वाक्यात मांडला.

आम्ही वकील नाही. बी.कॉम. झालो आणि कारकुनीत पडलो. पण समाजकार्याच्या निमित्ताने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत आणि एकदा फार महागात पडेल असा सल्लाही देऊन बसलो आहोत. तो आधी सांगतो, कारण त्याच्यामुळेच हा विषय आम्हाला टोचतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीतला एक तरुण ट्रकवर क्लीनर होता. गुजरातमध्ये वापीजवळ अपघात झाला आणि तो जागीच गेला. घरी म्हातारे आईवडील, बायको, दोन लेकरे. सल्ला घ्यायला आमच्याकडे आले. आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितले, "जिथे अपघात, तिथे केस." बिचारे वलसाडला केस लावायला गेले. प्रत्येक तारखेला एस.टी.चे भाडे, दोन दिवसांची मजुरी बुडलेली, भाषा गुजराती, वकील कोण ते ठाऊक नाही, राहायचे ते स्टँडवर. सहा-सात तारखांनंतर पदरात पडेल ते घेऊन त्यांनी केस मिटवली. नंतर एका वकिलाने आम्हाला कायदा उघडून दाखवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये १९९४ सालीच दुरुस्ती झाली होती. अपघात कुठेही होवो, नुकसानभरपाईचा अर्ज जिथे अपघात झाला तिथे, किंवा अर्जदार राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात, किंवा प्रतिवादी राहतो तिथे करता येतो. निवड अर्जदाराची. म्हणजे त्या म्हाताऱ्याला आपल्या जिल्ह्यातच केस चालवता आली असती. आमच्या एका वाक्याने त्याला वलसाडला नेले. तो आता हयात नाही. त्याची माफी मागायचीही राहून गेली.

आपले गाव नगर-संभाजीनगर हमरस्त्यावर. रात्रंदिवस बाहेरगावच्या, बाहेरच्या राज्यांच्या गाड्या धावतात आणि अपघात होतच असतात. तेव्हा वाचकांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. ट्रक तामिळनाडूचा असो की पंजाबचा, दावा आपल्या जिल्ह्यात लावता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही तीच सोय केली. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पूर्वी बहुधा दुकानदाराच्या किंवा कंपनीच्या गावाला जावे लागे.

कायदा असे का करतो? कारण कोर्ट कुठले यावर निम्मी केस ठरते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला नगर काय आणि न्यूयॉर्क काय, सारखेच. त्याचा वकील विमानाने जातो. रोजंदारीवाल्याला मात्र तीस किलोमीटरवरची तारीख म्हणजे एक दिवसाची चूल. म्हणून दुबळ्याला त्याच्या घराजवळचे दार उघडे ठेवायचे.

इथपर्यंत गणित सोपे आहे. पण कंपनी परदेशातली असली की ते उलटे होते. जवळचे कोर्ट सोयीचे खरे, पण त्या कोर्टाचा हात कंपनीच्या मानगुटीपर्यंत पोहोचतो का? कंपनीची तिजोरी, तिचे कागद, निर्णय घेणारी माणसे सगळी समुद्रापलीकडे. मग ज्याला इजा झाली तोच म्हणू लागतो, "मला त्यांच्या कोर्टात जाऊ द्या." आणि कंपनी म्हणते, "छे छे, तुमच्या देशाची न्यायव्यवस्था फार थोर आहे, तिथेच न्याय मागा!"

वाचकांना ही थट्टा वाटेल. पण भोपाळच्या बाबतीत शब्दशः नसले तरी अर्थाने हेच घडले.

आमच्या लहानपणी घरोघरी बॅटरीत एव्हरेडीचे सेल असायचे. ते बनवणारी युनियन कार्बाइड इंडिया हीच भोपाळच्या कारखान्याची मालक. तिचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतल्या मूळ कंपनीकडे होते. भोपाळलाही कीटकनाशकच बनत होते, त्याचे नाव सेविन. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या गरिबांच्या वस्त्यांतली हजारो माणसे मेली. लाखोंची फुप्फुसे आणि डोळे कायमचे गेले. काही दिवसांतच अमेरिकन वकील विमाने भरून आले, अंगठे घेऊन गेले आणि तिकडे दावे लावले. मग १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला आणि एप्रिलमध्ये सरकारने स्वतः न्यूयॉर्कच्या संघीय कोर्टात दावा दाखल केला.

आता तिथले दृश्य डोळ्यांपुढे आणा. भारत सरकार अमेरिकन न्यायाधीशापुढे सांगते आहे, की आमच्या कोर्टांत विलंब फार, एवढ्या मोठ्या नुकसानभरपाईच्या दाव्याचा अनुभव नाही, म्हणून इथेच ऐका. आणि कंपनी सांगते आहे, की भारतीय न्यायालये पूर्णपणे समर्थ आहेत. कंपनीच्या बाजूने प्रतिज्ञापत्र कोणाचे? नानी पालखीवालांचे, म्हणजे आपल्याच देशातल्या नामांकित कायदेपंडिताचे. स्वतःच्या न्यायव्यवस्थेची उणीदुणी सरकार काढते आणि तिची स्तुती आरोपी करतो, असा प्रसंग जगात क्वचितच आला असेल.

न्यायाधीश जॉन कीनन यांनी १२ मे १९८६ रोजी निकाल दिला. त्यांनी वापरलेल्या तत्त्वाला मराठीत 'गैरसोयीचे न्यायालय' म्हणता येईल. न्यायालयाला दावा ऐकण्याचा अधिकार असला तरी दुसरे न्यायालय जास्त योग्य असेल, तर ते हात मागे घेऊ शकते. कीनन यांचे म्हणणे असे, की साक्षीदार भारतात, कारखाना भारतात, तो चालवणारे भारतीय, कागदपत्रे बहुतांश तिकडेच. शिवाय परकीय कोर्टाने भारतावर आपले निकष लादले तर ती वसाहतवादाची पुनरावृत्ती ठरेल, असाही सूर त्यांनी लावला. दावा काढून टाकला. अटी घातल्या. कंपनीने भारतीय कोर्टाचा अधिकार मान्य करावा, मुदतीचा बचाव घेऊ नये. पुढच्या जानेवारीत अपील कोर्टाने निकाल कायम केला, मात्र कंपनीला जाचक वाटणाऱ्या काही अटी शिथिल केल्या.

मानाचा मुजरा करून दाराबाहेर काढणे म्हणतात ते हेच. भारतीय न्यायाची थोरवी मान्य झाली आणि पीडितांची फाइल परत आली.

पुढचे सर्वांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९८६ मध्ये भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दावा लागला. सरकारची मागणी ३३० कोटी डॉलरपर्यंत गेली. तिथल्या न्यायाधीश देव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटी रुपयांचा अंतरिम दिलासा मंजूर केला. मूळ दाव्याला वेळ लागणार, तोवर माणसे जगवली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. आमच्या मते अख्ख्या प्रकरणात माणसासारखा विचार केलेला तो एक हुकूम. उच्च न्यायालयाने तो २५० कोटींवर आणला, कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १४ फेब्रुवारी १९८९ ला अचानक ४७ कोटी डॉलरवर सगळा दिवाणी दावा मिटला. पीडितांना विचारले कोणी? कोणीच नाही. बहुसंख्य जखमींच्या हाती पंचवीस हजार रुपये आले, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उरलेली रक्कम वाटली तेव्हा साधारण तेवढेच पुन्हा. जास्त भरपाई मागणारी सरकारची फेरयाचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. कंपनीचे अध्यक्ष वॉरेन अँडरसन अटकेनंतर जामिनावर सुटून मायदेशी गेले आणि २०१४ मध्ये मरेपर्यंत भारतीय फौजदारी कोर्टापुढे एकदाही उभे राहिले नाहीत.

म्हणजे 'आपल्याच देशात न्याय' हे ऐकायला गोड वाटले, तरी समोरचा हाताशी नसेल तर त्याची धार बोथट होते. यात आणखी एक खाच आहे. समजा इथल्या कोर्टाने हुकूमनामा दिला. त्याची दरखास्त कुठे करायची? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ प्रमाणे काही देशांशी परस्पर व्यवस्था आहे. इंग्लंडशी आहे, २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीशी आहे. अमेरिकेशी नाही, स्वित्झर्लंडशी नाही. तिथे आपल्या हुकूमनाम्याच्या आधारे पुन्हा नव्याने दारे ठोठवावी लागतात.

कीनन यांच्या निकालानंतर तेहतीस वर्षांनी लंडनमध्ये उलटे घडले, तेही सांगितले पाहिजे. आफ्रिकेतल्या झांबिया देशात चिंगोला या तांब्याच्या गावाजवळच्या १,८२६ गावकऱ्यांनी खाणीच्या घाणीने नदीचे पाणी आणि शेती नासली म्हणून इंग्लंडच्या कोर्टात दावा लावला. खाण चालवणारी कंपनी झांबियातली, पण तिची मूळ मालक वेदांता, इंग्लंडमध्ये नोंदलेली आणि भारतीय उद्योगपतीची. कंपनीचा युक्तिवाद जुनाच, की झांबियात जा. १० एप्रिल २०१९ ला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की दावा खरे तर झांबियातच चालायला हवा. परंतु तिथे या गरिबांना पैशाअभावी असा गुंतागुंतीचा दावा चालवणारा अनुभवी वकीलच मिळणार नसेल, तर तिथे न्याय मिळण्याची खरी शक्यता नाही. म्हणून इथेच ऐकू. पुढे जानेवारी २०२१ मध्ये तडजोड झाली. म्हणजे 'सोय' कोणाची मोजायची, हा प्रश्न त्या न्यायाधीशांनी गरिबाच्या खिशापासून मोजायला घेतला. कीनन यांनी साक्षीदारांचे पत्ते मोजले होते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले आणि आठशेवर माणसे इस्पितळात दाखल झाली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, पंप पाठीवर, तुषार सरळ तोंडावर. सरकारने मृतांच्या वारसांना दोन-दोन लाख रुपये जाहीर केले. विशेष तपास पथक नेमले गेले. १९६८ चा कीटकनाशक कायदा विक्रीचे परवाने पाहतो, दर्जा पाहतो, पण विषबाधा झालेल्याला भरपाई मिळवून देणारी तरतूद त्यात नाही.

आणि मजुराचे काय? शेतकरी अपघाताची जी योजना गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने आहे, तिच्यात फवारणीची विषबाधा धरली आहे, मृत्यूला दोन लाख आहेत. पण अर्ज करायला सातबाऱ्यावर नाव लागते, किंवा त्या खातेदाराच्या कुटुंबातले असावे लागते. पंप ज्याच्या पाठीवर, त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. आमच्या वहिनींच्या यजमानांचे तिथेच अडले.

यवतमाळच्या पीडितांनी संघटना बांधली. काही भारतीय आणि युरोपीय संस्था त्यांच्या मदतीला आल्या. सप्टेंबर २०२० मध्ये एक्कावन्न कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंड सरकारच्या तक्रार केंद्राकडे अर्ज गेला, आणि वाचलेला एक शेतकरी व दोन मृतांच्या पत्नी यांच्या वतीने जून २०२१ मध्ये बाझेल शहराच्या दिवाणी कोर्टात सिंजेंटा कंपनीविरुद्ध दावा लागला. त्यांचे म्हणणे, ही विषबाधा पोलो नावाच्या औषधाने झाली. स्थानिक पोलिसांच्या नोंदींत शहाण्णव प्रकरणांत या औषधाचे नाव आहे, असे त्या संस्थांनी कागद दाखवून म्हटले. कंपनीने आपल्या औषधामुळे हे घडले हे नाकारले. पोलोतला मुख्य घटक डायफेनथ्युरॉन. तो स्वित्झर्लंडच्या बाजारातून २००९ मध्येच गेला होता, तरी तिथून भारतात निर्यात होत राहिला. १ जानेवारी २०२१ पासून स्विस सरकारने ती निर्यातही बंद केली. जे स्वतःच्या शेतात नको, ते आमच्या शेतात कसे चालत होते, हे विचारायला कायद्याच्या पदवीची गरज नाही.

बाझेलच का? कारण कंपनीचे मुख्य कार्यालय तिथे आहे. आणि स्वित्झर्लंडसारख्या देशात प्रतिवादीच्या घरच्या कोर्टाला 'हे प्रकरण मला गैरसोयीचे आहे, परत जा' असे सहसा म्हणता येत नाही. कीनन यांनी वापरलेली पळवाट तिथे जवळपास बंद आहे. शिवाय सदोष मालाने इजा झाली तर उत्पादकाच्या देशाचा कायदा लावायचा की माल घेतला त्या देशाचा, याची निवड तिथला कायदा जखमी माणसावर सोडतो. दार उघडे आहे, आणि आत गेल्यावर कोणत्या पाटावर बसायचे हेही तुम्हीच ठरवा म्हणतात. मात्र त्यांचा उत्पादन दायित्वाचा कायदा मुदतीला कडक आहे. नुकसान, दोष आणि उत्पादक कोण हे कळल्यापासून तीन वर्षांच्या आत हालचाल हवी. २०१७ च्या घटनेसाठी २०२० मध्ये धावपळ झाली ती यामुळेच.

पण खरी मेख वेगळीच आहे, आणि आमच्या वहिनींच्या पिशवीतही तीच होती. उद्या बाझेलचा न्यायाधीश असो नाहीतर नेवाशाचा, तो पहिला प्रश्न एकच विचारणार. 'कशावरून याच औषधाने?'

फवारणीच्या दिवशी काय होते ते आपण सगळे जाणतो. मालक दुकानातून दोन-तीन बाटल्या आणतो. एक किडीला, एक बुरशीला, एक टॉनिक म्हणून. एकाच टाकीत सगळे ओततो, कारण मजुरी एकदाच द्यायची असते. मजुराला फक्त भरलेला पंप मिळतो. बाटली मालकाच्या खोलीत, पावती मालकाच्या खिशात, लेबलावरचा मजकूर बारीक अक्षरात. मजूर आजारी पडला की दवाखान्यात म्हणतो, "औषध मारलं." कोणते? "लाल टोपनाची बाटली." यवतमाळचे कागद आले कोठून? पोलिसांनी ज्या ज्या प्रकरणात औषधाचे नाव लिहून घेतले, तिथून. नाव लिहिले नसते तर बाझेलचे दार उघडे असूनही आत जायला काही नसते.

वहिनींनी शेताच्या बांधावर पडलेली रिकामी बाटली आणली होती. चांगली जाड बाटली, फिनेल ठेवायला होईल म्हणून सोडा लावून घासली, तेव्हा लेबल निघून गेले. (भगिनींनो, फवारणीच्या औषधाची बाटली कितीही धुवा, घरात वापरू नका. लेकरे ती तोंडाला लावतात. हे आम्ही स्वयंपाकघराच्या पानावर पुन्हा लिहायला सांगणार आहोत.) त्या बाटलीला आता तळाचे दोन आकडे सोडले तर काही ओळख राहिलेली नाही. वहिनींना आम्ही रागावलो नाही. पुरावा म्हणजे काय हे त्यांना कोणी कधी सांगितले होते?

दवाखान्याचा कागद पाहिला. त्यावर 'उलट्या, अशक्तपणा' एवढेच लिहिलेले. विषबाधा हा शब्द नाही, फवारणीचा उल्लेख नाही, पोलिसांना कळवल्याची नोंद नाही. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकारच. पण फवारणीतून विषबाधा झाली असेल तर सरकारी इस्पितळात जावे, औषधाचे नाव केसपेपरवर लिहून घ्यावे, पोलिसांना कळवायला सांगावे आणि रक्ताच्या तपासणीचा आग्रह धरावा. पंप पाठीवर घेण्याआधी बाटलीच्या लेबलाचा मोबाइलवर एक फोटो काढावा. उत्पादकाचे नाव, पत्ता आणि बॅच नंबर त्यावर असतो. आता मोबाइल नाही असे घर वस्तीत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वहिनींच्या थोरल्या मुलाला घेऊन कृषी सेवा केंद्रात गेलो. दुकानदार ओळखीचा. त्याने बाटलीचा आकार आणि टोपण पाहून तशाच दोन भरलेल्या बाटल्या काढून दाखवल्या. आम्ही चष्मा सारखा करून बारीक अक्षरे वाचली. फॉरेनची म्हणतात त्या कंपनीचा पत्ता निघाला गुजरातचा! कारखाना गुजरातचा, कार्यालय गुजरातचे. ब्रँडचे नाव इंग्रजी म्हणून पोरांनी तिला परदेशी ठरवले होते. दुसरी बाटली खरोखर परदेशी कंपनीच्या इथल्या शाखेची होती. यांतली कोणती यजमानांच्या पंपात होती, की दोन्ही होत्या, ते फक्त शेतमालकाच्या पावतीवरून कळेल.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मग असे निघाले. कंपनी गुजरातची असेल तर परदेशाचा प्रश्नच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे शरीराला झालेल्या इजेचा दावा इजा झाली तिथल्या किंवा प्रतिवादी राहतो तिथल्या कोर्टात लावता येतो, आणि निवड दावा लावणाऱ्याची. म्हणजे नेवासा. इथे शाखा असलेली परदेशी कंपनी असेल तर शाखेविरुद्धही इथेच जाता येईल. मूळ कंपनीपर्यंत पोहोचायचे की नाही हा पुढचा विचार, आणि तो यवतमाळसारखा संघटनेच्या बळावरच होऊ शकतो. एकट्या माणसाला बाझेलचे तिकीटही परवडणार नाही. मुदतीचे मात्र पहिल्याच दिवशी वकिलाला विचारावे. आपल्याकडे अपघाती मृत्यूच्या नुकसानभरपाईच्या दाव्याला मुदत कायद्याने दोनच वर्षे दिली आहेत. सुतकात सहा महिने जातात, मग मालक 'बघू' म्हणतो त्यात वर्ष जाते.

वकिलाच्या फीची वहिनींना काळजी होती. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले जाते, तेव्हा यजमानांच्या नावाने अर्ज केला तर जातीचा दाखला जोडावा. वहिनींच्या नावाने केला तर त्याचीही गरज नाही. नेवासा कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती आहे. आम्ही येत्या सोमवारी अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर जाणार आहोत. दवाखान्यात पुन्हा जाऊन आजाराचे कारण लेखी मागायचे तेही ठरले आहे. डॉक्टर नाही म्हणाले तर तसे लिहून द्या म्हणू.

राहिली ती पावती. शेतमालक वाईट माणूस नाही. पण दावा शब्द ऐकल्यापासून तो वस्तीकडे फिरकलेला नाही, आणि परवा कांदा काढायला बायका बोलावल्या त्यांत वहिनींना बोलावले नाही. "पावती मागायला मीच जाऊ का तुमी येता?" असे त्यांनी काल विचारले. आम्ही दोघे मिळून जाऊ म्हणालो. पावती अजून हातात आलेली नाही.